ट्रकची उडी, ऑफ-रोड

ट्रकची उडी, ऑफ-रोड : उंचवट्यावरून अथवा रॅम्पवरून वेगाने सुटलेल्या ट्रकची चारही चाके जमीन सोडतात, त्या अवस्थेत थ्रॉटल (वेग वाढवण्याचे नियंत्रण), ब्रेक व स्टिअरिंग वापरून त्याचा कल सांभाळण्याचे व तो चाकांवर उतरवण्याचे तंत्र. वाळवंटी शर्यतींचे ट्रक, प्रचंड चाकांचे मॉन्स्टर ट्रक व रेडिओ-नियंत्रित (आरसी) प्रतिकृती या तिन्हींत ते आढळते. त्याची जडणघडण प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्नियात झाली.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात 1967 मध्ये तिहुआना ते ला पास अशी पहिली संघटित शर्यत झाली. तेथे उडी हा वाटेतला अडथळा होता, ती टाळता आली तर बरेच. शर्यत-आयोजक मिकी थॉम्पसन यांनी 1979 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिसियम या क्रीडांगणात मातीचा मार्ग रचून शर्यत भरवली, तेव्हापासून प्रेक्षकांसाठी मुद्दाम उंचवटे बांधण्याची प्रथा रुळली. वाळवंटी शर्यतींतला ‘ट्रॉफी ट्रक’ हा वर्ग 1994 मध्ये आला. या वर्गातल्या ट्रकांच्या मागील सस्पेन्शनची चाल (चाक वर-खाली सरकण्याचे अंतर) साधारण 75 ते 90 सेंमी. असते. रॉबी गॉर्डन यांच्या स्टेडियम सुपर ट्रक मालिकेने (2013 पासून) डांबरी शर्यतमार्गांवर धातूचे हलवता येणारे रॅम्प मांडले.

मॉन्स्टर ट्रकचा उगम वादग्रस्त आहे. सेंट लुइसचे बॉब चँडलर यांनी 1974 च्या फोर्ड एफ-250 वरून तयार केलेल्या ‘बिगफूट’ने 1981 मध्ये शेतात भंगार मोटारी चिरडल्या, तोच आरंभ सर्वसाधारणपणे मानला जातो. मोटारी आधी आपणच चिरडल्याचे दावे इतर ट्रकमालकांनीही केले आहेत. मात्र त्यांचे पुरावे बव्हंशी आठवणींवर आधारलेले असल्याने रूढ मत बदलण्याचे सबळ कारण दिसत नाही. उडीच्या दृष्टीने हा वाद तसा गौणच, कारण पाट्यांच्या स्प्रिंगांवर उभे असलेले ते अवजड ट्रक मोटारींवरून चढून जात, उडत नसत. खरा बदल 1980 च्या दशकाच्या अखेरीस झाला. नळ्यांची चौकट व नायट्रोजन भरलेले शॉक ॲब्सॉर्बर असलेला ‘बिगफूट 8’ त्या सुमाराचा आहे. पुढे 1999 मध्ये टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे डॅन रंट यांनी ‘बिगफूट 14’ एका बोइंग 727 विमानावरून सुमारे 61.5 मी. उडवला. 2013 मध्ये जो सिल्व्हेस्टर यांनी ‘बॅड हॅबिट’ने 72.42 मी. अंतर गाठले. शर्यतीच्या हलक्या ट्रकांचे आकडे याहून बरेच मोठे आहेत : टॅनर फाउस्ट, इंडियानापोलिस, 2011, सुमारे 101 मी.; ब्राइस मेन्झीस, न्यू मेक्सिको, 2016, सुमारे 115.6 मी. दोन्ही गटांतील वाहने इतकी भिन्न आहेत, की आकड्यांची तुलना करू नये.

यामिकी : जमीन सुटल्यावर ट्रकच्या गुरुत्वमध्याचा मार्ग जवळजवळ पूर्णपणे ठरलेला असतो. हवेचा रोध सोडला तर चालकाला तो बदलता येत नाही. बदलता येतो तो फक्त कल, आणि त्याचाही मोठा भाग रॅम्पवरच ठरतो. रॅम्प वर वळत गेलेला असेल तर नाक वर उचलण्याची फिरकी मिळते. पुढची चाके आधी कड सोडतात व मागची अजून टेकलेली असतात, त्या क्षणी नाक खाली झुकू लागते. मागच्या स्प्रिंगा आवळून एकदम सुटल्या तर तो झुकाव आणखी वाढतो. कडेशी वेग कायम ठेवण्यावर जाणकार भर देतात तो यामुळे.

हवेत ट्रकचा एकूण कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप) स्थिर राहतो. थ्रॉटल दिला की चाके अधिक वेगाने पुढे फिरतात व त्याची भरपाई म्हणून ट्रकचे धड उलट फिरते, म्हणजे नाक वर येते. ब्रेक लावला की चाकांचा संवेग धडात येतो व नाक खाली जाते. कृत्रिम उपग्रहांची दिशा बदलणारी प्रतिक्रिया-चक्रे याच तत्त्वावर चालतात. नाक वर येण्याचे श्रेय कधीकधी समोरच्या वाऱ्याला दिले जाते, पण ब्रेक लावताच होणारा उलट परिणाम त्या मताला अनुकूल नाही. साधनाला मर्यादा आहे. चाके थांबली की ब्रेकचा उपयोग संपतो आणि ती कमाल वेगाला पोचली की थ्रॉटलचा. पुढची फिरती चाके डावीकडे वळवली, तर घूर्णी परिणामाने (फिरते चाक वळवताना होणाऱ्या प्रतिक्रियेने) ट्रकची डावी बाजू वर उचलली जाते. उजवीकडे वळवली तर उजवी.

आकाराचा परिणाम येथे निर्णायक ठरतो. समजा, धडाच्या मानाने सर्व चाकांचे निरूढी परिबल (फिरण्यातील बदलाला होणारा विरोध) एकविसांश आहे. ताशी 50 किमी. वेगाने धावणाऱ्या प्रतिकृतीचे 20 सेंमी. व्यासाचे चाक सेकंदाला सुमारे 22 फेरे घेते. ते पूर्ण थांबवले तर धड सेकंदाला एक फेरा घेऊ लागते, म्हणजे अख्खी कोलांटी. मॉन्स्टर ट्रकचे चाक 1.68 मी. व्यासाचे. त्याच वेगाला ते सेकंदाला 2.6 फेरे घेते, म्हणून धड सेकंदाला 45 अंशांच्या आसपास वळते. रॅम्पचा कोन व वेग सारखे असतील तर दोघांचा हवेतला काळ मात्र जवळपास सारखाच असतो. प्रतिकृती चालवणारे बोटाच्या हालचालीने कोलांट्या घेतात, तर मोठ्या ट्रकला त्यासाठी जवळजवळ उभा रॅम्प लागतो, याचे कारण हेच. मोठ्या ट्रकची मागे कोलांटी कॅम मॅक्वीन यांनी 2010 मध्ये व पुढे कोलांटी ली ओ’डॉनेल यांनी 2017 मध्ये साधली.

मोटरचा रोटरही (आतला फिरता भाग) हिशेबात धरावा लागतो, कारण तो चाकांच्या कित्येक पट वेगाने फिरतो. मोटर आडवी बसवली असून चाकांच्याच दिशेने फिरत असेल तर परिणामात भर पडते, उलट फिरत असेल तर घट. मध्यभागी मोटर असलेल्या आरसी गाड्यांत तीन गियरची पेटी घ्यावी की चार, हा वाद काही अंशी यातूनच निघाला. एक गियर वाढला की मोटरची दिशा पालटते. मोटर लांबीच्या दिशेत बसवली असेल तर थ्रॉटल देताच ट्रक किंचित कुशीवर कलतो.

उतरताना चाके जमिनीच्या वेगाशी जुळत फिरती ठेवणे चांगले. ती थांबलेली असली किंवा फार वेगाने फिरत असली, तर गियर व ॲक्सलना झटका बसतो. पुढची किंवा मागची चाके आधी टेकवावीत, हे उताराच्या कोनावर अवलंबून आहे.

प्रतिकृती : तामिया कंपनीने 1979 मध्ये ‘रफ रायडर’ व ‘सँड स्कॉर्चर’ आणि 1987 मध्ये ‘क्लॉड बस्टर’ बाजारात आणले. ट्रॅक्सस कंपनीचा ‘स्लॅश’ (2008) शॉर्ट-कोर्स (आखूड मार्गावरील) शर्यतीच्या ट्रकच्या धर्तीवर बनलेला आहे. या प्रकारच्या रुंद कवचाखाली हवा साठून नाक उचलले जाते, आणि तेथे वाऱ्याचा प्रभाव मान्य करावा लागतो. हौशी लोक कवचाच्या मागच्या भागाला भोके पाडून हवेला वाट करून देतात.