संग्रहालयातील नमुन्यांचे जीनोमवाचन (फुलपाखरांचे वर्गीकरण)

संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेल्या जुन्या फुलपाखरांतून डीएनए मिळवून, त्यांचा जीनोम (सगळ्या डीएनएचा मजकूर) वाचून त्यांच्या जातींच्या सीमा आणि नावे नव्याने तपासण्याची पद्धत. पंखांवरचे रंग व ठिपके, शिरांची मांडणी आणि नराच्या जननेंद्रियांची रचना यांवर फुलपाखरांचे पारंपरिक वर्गीकरण उभे आहे. ते बरेच टिकाऊ ठरले, पण हुबेहूब दिसणाऱ्या वेगळ्या जाती त्याच्या हातून निसटतात.

या कामात ताज्या नमुन्यापेक्षा जुना नमुना मोलाचा ठरतो, कारण प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार जातीचे नाव तिच्या ‘प्ररूप’ नमुन्याशी, म्हणजे ते नाव देताना आधार धरलेल्या मूळ नमुन्याशी, बांधलेले असते. एका जातीच्या दोन निघाल्या तर जुने नाव कोणाकडे राहणार आणि नवे कोणाला द्यायचे, हे प्ररूप कोणत्या गटात बसतो त्यावर ठरते. वर्णन दोन ओळींचे आणि ठिकाण म्हणून नुसते ‘इंडिया’ लिहिलेले, अशी जुनी प्ररूपे थोडीथोडकी नाहीत. तिथे प्ररूपाच्याच डीएनएचा पुरावा सर्वांत थेट.

बहुधा एक पाय पुरतो. तो चिमट्याने काढतात आणि त्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच टाचणीवर, संग्राहकाच्या जुन्या चिठ्ठीखाली अडकवतात. पोटाचा भाग वापरायचा असेल तर तो विकराच्या (एन्झाइमच्या) द्रावणात भिजवून आधी डीएनए काढून घेतात. कठीण जननेंद्रिये शाबूत राहतात आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. जुन्या डीएनएचे तुकडे अनेकदा शंभर अक्षरांहूनही (डीएनएच्या साखळीतल्या घटकांहून) आखूड असतात. त्यातली काही अक्षरे रासायनिक बदलाने चुकीची वाचली जातात, शिवाय बुरशी, जिवाणू आणि हाताळणाऱ्या माणसाचा डीएनए त्यात मिसळलेला असतो. म्हणून जात ओळखण्यासाठी ‘डीएनए बारकोड’ या नावाने वापरला जाणारा ६५८ अक्षरांचा पट्टा अशा नमुन्यांतून सलग मिळणे कठीण जाई. आखूड तुकडेच कोट्यवधींच्या संख्येने वाचणारी यंत्रे आल्यावर ही अडचण बरीच सुटली.

बारकोड हा मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या घटकांतील) एका जनुकाचा भाग. २००४ मध्ये कोस्टा रिकातील ‘अस्त्राप्टीस फुल्गरेटर’ या फुलपाखराच्या एका नावाखाली दहा जाती असल्याचा दावा त्यावरून झाला. सुरवंटांचे रंग आणि खाद्यवनस्पती वेगळ्या असल्याने त्याला बळही मिळाले, पण दहा हा आकडा सर्वांना पटला नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. संकर झाला किंवा वोल्बाकिया या कीटकांच्या पेशींत राहून आईकडून पिल्लांत जाणाऱ्या जिवाणूची लागण पसरली की त्यांची साक्ष फसवी ठरू शकते. केंद्रकातील हजारो जनुके, विशेषतः झेड या लिंग-गुणसूत्रावरची, एकत्र पाहिली की दोन गटांत जनुकांची देवाणघेवाण होते की थांबली आहे, याचा अंदाज अधिक भरवशाने बांधता येतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवरचे झर्सीज ब्लू हे निळे फुलपाखरू शहराच्या वाढीत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला नामशेष झाले. ही स्वतंत्र जात होती की आजही आढळणाऱ्या सिल्व्हरी ब्लूची एक उपजात, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील १९२८ सालच्या नमुन्याच्या पोटाचा चिमूटभर तुकडा वापरून २०२१ मध्ये त्याचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम वाचला गेला आणि कौल स्वतंत्र जातीच्या बाजूने गेला. पुढे बार्सिलोनातील गटाने केंद्रकातील जीनोमही वाचले. त्यांच्या हिशेबाने दोन्ही वंश सुमारे आठ-नऊ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. २०२४ मध्ये त्याच परिसरातील प्रेसिडिओ उद्यानात सिल्व्हरी ब्लू आणून सोडण्यात आली. झर्सीजची रिकामी जागा या जवळच्या नातलगाने भरावी, अशी त्यामागची कल्पना.

जातींच्या वरच्या गटांच्या पातळीवरही पडझड झाली आहे. २०२३ मध्ये सुमारे २,३०० जातींची ३९१ जनुके वापरून मांडलेल्या वंशवृक्षानुसार किमान ३६ जमातींची (जवळच्या प्रजातींच्या गटांची) फेरमांडणी करावी लागेल. त्यासाठीही संग्रहालयांतील साठ्याचा मोठा आधार घेतला गेला.

मात्र किती फरक म्हणजे वेगळी जात, हे यंत्र सांगत नाही. दोन टोकांचेच नमुने वाचले आणि मधल्या प्रदेशातले वाचले नाहीत, तर सलग बदलत जाणारी एकच जातही दोन भासते. नव्या जाती आणि प्रजाती (जवळच्या जातींचे गट) झपाट्याने जाहीर करण्यावर काही वर्गीकरणतज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही.

भारतातील अनेक जातींची प्ररूपे ब्रिटिश काळात लंडनला गेली व तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे सह्याद्रीतील एखाद्या फुलपाखराचे नाव पक्के करायचे तर इथल्या ताज्या नमुन्याबरोबर तिथल्या प्ररूपाचा पाय तपासण्याची परवानगीही मिळवावी लागू शकते.