स्थानकाजवळच्या जुन्या बिझनेस पार्कचा पुनर्विकास: पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीचा क्रम

उपनगरातल्या जुन्या बिझनेस पार्कजवळ मेट्रोचं किंवा रेल्वेचं स्थानक येणार हे पक्कं झालं, की जागामालक पहिल्यांदा विचारतात: एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) किती वाढणार? अर्ज सहसा त्यावर अडत नाही. तो अडतो ‘स्थानकापर्यंत खरंच चालत जाता येतं का’ आणि ‘जागेवर हक्क असलेल्या सगळ्यांची संमती आहे का’ या दोन प्रश्नांवर. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे, पण मंजुरीचा क्रम बराचसा सारखा असतो.

पात्रता

अंतरापासून सुरुवात करू. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय टीओडी (स्थानकाभोवती दाट, पायी फिरता येईल असा विकास) धोरणात स्थानकाचं प्रभावक्षेत्र साधारण ५०० ते ८०० मीटर धरलं आहे. अमेरिकेत अर्धा मैल धरतात, म्हणजे तेही जवळपास ८०० मीटरच. पण नकाशावर वर्तुळ काढून थांबू नका. हे पार्क मोटारींसाठी आखलेले असतात: भोवती कुंपण, एकच फाटक, मधे पसरलेलं पार्किंग. सरळ रेषेत ४०० मीटरवर दिसणारं स्थानक पायी सहज एक किलोमीटरवर जातं. नियमात हवाई अंतर चालत असलं, तरी छाननीत पादचारी मार्ग विचारला जातोच. तो शेजाऱ्याच्या जागेतून जाणार असेल, तर त्याच्याशी बोलणी अर्जाच्या आधी करा. नंतर त्याची किंमत वाढते.

स्थानक चालू आहे, बांधकाम सुरू आहे की नुसतंच प्रस्तावित आहे, यावरही बरंच ठरतं. निधी मंजूर नसलेल्या स्थानकाच्या भरवशावर वाढीव बांधकाम मागणं म्हणजे फाइल कपाटात ठेवायला देणं.

भूवापराची अडचण जवळपास प्रत्येक पार्कला येते. जुन्या मंजुरीत फक्त कार्यालयं असतात, घरं आणि दुकानं नसतात. मग आधी विकास आराखड्यात त्या परिसराबद्दलचं धोरण बदलावं लागतं आणि त्यानंतर आपल्या भूखंडाचा भूवापर. पहिली पायरी बहुधा नियोजन प्राधिकरणच उचलतं, दुसरीसाठी अर्ज आपण करायचा.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात टायसन्सला असंच घडलं. कार्यालयं, मॉल आणि पार्किंग यांनी भरलेल्या या उपनगरासाठी फेअरफॅक्स काउंटीने जून २०१० मध्ये नवा आराखडा मंजूर केला. वाढीपैकी सुमारे ७५ टक्के वाढ स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत, हे त्याचं सूत्र. वॉशिंग्टन परिसरातल्या मेट्रोच्या सिल्व्हर लाइनची तिथली चार स्थानकं जुलै २०१४ मध्ये सुरू झाली, म्हणजे आराखडा गाडीच्या चार वर्षं आधी तयार होता. त्या चौकटीत मग एकेका मालकाने भूवापर बदलाचे अर्ज केले.

कागदपत्रे

मालकीहक्काचे दस्त, हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, मूळ मंजुरी, कर भरल्याच्या पावत्या हे नेहमीचंच. खरं काम भाडेकरूंच्या यादीत आहे. कोणाचा करार कधी संपतो, कोणाला मुदतवाढीचा हक्क आहे आणि पार्किंगच्या ठरावीक जागा कराराने कोणाला दिल्या आहेत, हे एकेक तपासा. पार्किंगच्या जागेवर इमारत उभी करायची असेल आणि ती जागा एखाद्या भाडेकरूच्या करारात लिहिलेली असेल, तर त्याच्या सहीशिवाय पुढे जाता येत नाही. गाळे विकलेले असतील तर प्रत्येक गाळेधारकाची संमती किंवा कायद्याने ठरवलेलं बहुमत लागतं.

सोबत संकल्पना आराखडा, वाहतूक परिणाम अभ्यास, पाणी-सांडपाणी आणि पावसाळी निचऱ्याचा हिशेब, तसंच पूर्वी तिथे कारखाना किंवा इंधनाची टाकी असल्यास माती तपासणीचा अहवाल जोडावा लागतो. स्थानकाला पूल किंवा भुयारी मार्ग जोडायचा असेल, तर वाहतूक संस्थेचं तत्त्वतः संमतीपत्र घ्या.

वाहतूक अभ्यासात एक चूक हमखास दिसते: गाड्यांचा अंदाज जुन्या पार्कच्या सवयीने मांडलेला असतो. टायसन्समध्ये स्थानकांजवळच्या कार्यालयांना पार्किंगची किमान अट नाही, उलट कमाल मर्यादा आहे. जागा वाचली की तिथे रस्ते आणि घरं बसतात.

अर्जाचा क्रम

औपचारिक अर्जाआधी प्राधिकरणाबरोबर पूर्वबैठक घ्या आणि तिचं इतिवृत्त लेखी मागा. त्यानंतर अर्ज आणि शुल्क, छाननीतल्या त्रुटी, जाहीर सूचना, हरकती-सूचना आणि सुनावणी. हरकती बहुतेक वाहतूक, शाळा आणि सावली यांवर येतात. उंच इमारती जुन्या वस्तीच्या बाजूला नव्हे, तर स्थानकाच्या बाजूला ठेवल्या तर निम्मा विरोध तिथेच मावळतो, असं माझं मत.

मंजुरी अटींसह येते. टायसन्सच्या २०१० च्या आराखड्यात नव्या घरांपैकी २० टक्के परवडणारी असावीत अशी अपेक्षा होती, आणि अंतर्गत रस्त्यांचं जाळंही अर्जदारांकडून उभं राहणं अपेक्षित होतं. व्हर्जिनियात अर्जदाराने दिलेली लेखी हमी मंजुरीनंतर जमिनीला चिकटते आणि पुढच्या मालकालाही बांधते. म्हणून हमीपत्रात टप्पे नीट लिहा: कोणत्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी कोणता रस्ता, कोणती पायवाट, किती घरं. ‘योग्य वेळी’ असं मोघम लिहिलंत, तर ती वेळ प्राधिकरण ठरवेल.

इमारतीचे तपशीलवार नकाशे, अग्निशमन दलाचं ना हरकत, पाडकाम आणि बांधकाम परवाना हे सगळं यानंतर. भाडेकरूंना जागा रिकामी करण्याची नोटीस पाडकामाचा परवाना हाती येईपर्यंत काढू नका. दोन-तीन इमारती चालू ठेवून टप्प्याटप्प्याने काम केलं, तर कर्जाचे हप्ते त्यांच्या भाड्यातून भागवता येतात.