मिलादला विरोध ‘वहाबींनी’ आणला?

ईद-ए-मिलाद जवळ आली की एक वाक्य हमखास फिरतं: ‘पैगंबरांचा जन्मदिन सगळेच आनंदाने साजरा करायचे, विरोध वहाबींनी (कडव्या सुधारणावादी पंथाच्या लोकांनी) आणला.’ हे चूक आहे. ज्यांच्या नावावरून हा पंथ ओळखला जातो ते मुहम्मद इब्न अब्दुल वहाब अठराव्या शतकातले. त्यांच्या चारेक शतकं आधी, मालिकी (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एक) विद्वान ताजुद्दीन फाकिहानी यांनी मौलिदला, म्हणजे या जन्मदिनाच्या सोहळ्याला, ‘बिदअत’, म्हणजे धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट, ठरवणारं टिपण लिहिलं होतं. त्यानिमित्त स्वतःच्या पैशाने घरच्यांना जेवू घालणं, त्यात काही पाप नसलं तरी, त्यांना मान्य नव्हतं.

उत्तर दिलं कैरोचे विद्वान सुयूती (मृत्यू 1505) यांनी. मला त्यांची पद्धत फार भावते: फाकिहानींचं टिपण त्यांनी आपल्या लेखनात उतरवून घेतलं, मग मुद्दे खोडले. नवं ते सगळं वाईट नाही, चांगली बिदअतही असते, हा त्यांचा गाभा.

दोघांनाही हे ठाऊक होतं की हा सण पैगंबरांच्या काळातला नाही. इर्बिलचा (आजच्या इराकमधलं शहर) राजा मुजफ्फरुद्दीन गोकबोरी (मृत्यू 1233) तो थाटात करायचा. लाकडी मजली मंडप, गाणारे, मिरवणुकीने येणारे उंट, गाई, मेंढ्या. जन्मतिथीवर मतभेद, म्हणून एका वर्षी रबी-उल-अव्वल महिन्याच्या आठ तारखेला, दुसऱ्या वर्षी बाराला!

त्यामुळे साजरा न करणाऱ्या शेजाऱ्याला ‘पैगंबरांवर प्रेम नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. साजरा करणाऱ्याला धर्मबुडव्या म्हणणंही तितकंच.