जुन्नर–नाणेघाट सायकल मार्ग

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस कुकडी नदीच्या खोऱ्यातून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जाणारा सायकल-दौऱ्याचा मार्ग. पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगाव, तेथून ओझर, लेण्याद्री, जुन्नर, चावंड, घाटघर आणि नाणेघाटाचा माथा असा त्याचा रूढ क्रम असून परत नारायणगावला येईपर्यंत सुमारे ११० किमी. अंतर पडते. मार्गावर सायकलींसाठी वेगळी पट्टी नाही आणि खुणेचे दगडही नाहीत. नेहमीच्या डांबरी रस्त्यांचीच ही मालिका आहे.

जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मी. उंचीवर आहे. पूर्वेकडचा नारायणगाव–ओझर भाग बागायती व बराचसा सपाट आहे. जुन्नरच्या पश्चिमेस माणिकडोह जलाशयाच्या परिसरात रस्ता ओढ्यात उतरतो, टेकाडावर चढतो आणि पुन्हा उतरतो. सलग मोठा चढ कोठेच नाही, परंतु लहान चढांची बेरीज पायांना जाणवते. कोकणातील बंदरांचा माल घाटाने चढवून जुन्नरमार्गे पैठणकडे नेणाऱ्या तांड्यांना पाणी आणि सौम्य चढ या दोन गोष्टी लागत, आणि या खोऱ्यात दोन्ही मिळतात. आजचा डांबरी रस्ता नेमका प्राचीन वाटेवरूनच जातो असे म्हणता येत नाही. खोरे मात्र तेच आहे.

प्राचीन जुन्नरची ओळख हा जुना वादविषय आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात व टॉलेमीच्या भूगोलात आलेले तगर हे व्यापारी नगर म्हणजे जुन्नर, असे मत पुराभिलेखतज्ज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी मांडले होते. लेण्याद्री, मानमोडी व शिवनेरी या तीन डोंगरांवरून ‘त्रिगिरी’ आणि त्यापासून तगर, अशी त्यांची व्युत्पत्ती. ती आकर्षक असली तरी पेरिप्लसमध्ये तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे, आणि जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आहे. १९०१ मध्ये अभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे प्रतिपादन केले; तेच आता सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. यामुळे जुन्नरचे महत्त्व कमी होत नाही. सभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील दानलेखांत इरिल, चित व चंद्र या यवन (ग्रीक) दात्यांची नावे आढळतात. मानमोडीच्या लेखात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा आणि ४६ या वर्षाचा उल्लेख आहे. हे वर्ष शक संवताचे मानल्यास इ. स. १२४ येते, तथापि नहपानाच्या कालगणनेबद्दल एकमत नाही.

लेण्याद्रीच्या समूहातील सातव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मूळचा बौद्ध विहार, आता अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान. पायऱ्या पावणेतीनशेहून अधिक आहेत. चवड्याखाली धातूची क्लीट (पायडलमध्ये अडकणारी पट्टी) असलेले सायकलचे बूट दगडी पायऱ्यांवर घसरतात, म्हणून पिशवीत साध्या चपला असाव्यात आणि सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवावी. शहराच्या पश्चिमेस पाडळीजवळील तुळजा लेण्यांतील चैत्यगृह वर्तुळाकार असून त्यात बारा स्तंभ आहेत. ते इ. स. पू. पहिल्या शतकातील असावे आणि येथील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी असावे. शेवटचा टप्पा पायवाटेचा असल्याने फिरणारे सहसा ते वगळतात. स्थापत्याच्या दृष्टीने मात्र मार्गावरील दुसरे कोणतेही ठिकाण वगळणे अधिक परवडेल. ओझरचे विघ्नहर मंदिर व शिवनेरी यांची माहिती सर्वत्र मिळते, त्यामुळे येथे विस्तार केलेला नाही.

चावंडच्या पुढे पूर या गावी, कुकडीच्या उगमाशी, कुकडेश्वराचे शिवालय आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली व हे त्यांपैकी एक, असे सर्रास सांगितले जाते. झंझाने बारा शिवमंदिरे बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटांत आहे, पण त्यांत नद्यांच्या उगमांची यादी नाही. झंझ दहाव्या शतकाच्या प्रारंभीचा. अरब प्रवासी अल् मसूदी याने इ. स. ९१६ च्या सुमारास चौलच्या संदर्भात त्याचे नाव घेतले आहे. सध्याचे कोरीवकाम त्यानंतरचे मानणे अधिक सुरक्षित ठरेल.

नाणेघाटाच्या माथ्यापासून थोडे खाली उतरल्यावर सातवाहनकालीन लेणे लागते. १८२८ मध्ये कर्नल साइक्स यांनी त्यातील ब्राह्मी लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. लेख राणी नागनिकेशी निगडित असून त्यात अश्वमेध, राजसूय इ. यज्ञांची आणि गाई, हत्ती, कार्षापण (नाणी) अशा दक्षिणांची जंत्री आहे. दक्षिणांमुळे त्यात संख्या आल्या, आणि भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या समूहांपैकी एक येथे टिकला. ही चिन्हे अंक म्हणून ओळखण्याचे श्रेय भगवानलाल इंद्रजींकडे जाते. मागील भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी आदींच्या प्रतिमा होत्या. आता पायांचे अवशेष आणि वरची नावे उरली आहेत. अभिलेखांचे अभ्यासक ब्यूलर यांनी अक्षरवटिकेवरून लेखाला इ. स. पू. दुसरे शतक दिले, तर दि. चं. सरकार यांनी इ. स. पू. पहिल्या शतकाचा उत्तरार्ध. अक्षरांचे वळण पाहता सरकार यांचे मत अधिक जुळते. माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा होता व त्यावरून घाटाला नाव पडले, ही समजूत दृढ आहे. लेण्यातील लेखात मात्र जकातीचा उल्लेख नाही.

दिशा व ऋतू : सकाळी जुन्नरहून पश्चिमेकडे निघून दुपारनंतर परतल्यास दोन्ही वेळा ऊन पाठीवर राहते. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो; घाटाकडे जाताना तो छातीवर बसतो आणि येताना ढकलतो. या दिवसांत जाण्यास परतण्याच्या दीडपट वेळ धरावा. घाटमाथ्यावर धुक्यात काही हातांपलीकडचे दिसत नाही, म्हणून दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवावा. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी मोटारींची रांग घाटघरच्या अलीकडेच लागते, आडवार निवडावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा, परंतु तेव्हाच उसाचा गळीत हंगाम असतो. ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉलीला ओलांडताना दुसरी ट्रॉली वळणावर आत कापते, त्यामुळे वळणावर शेजारी राहू नये. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे (माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे), म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा आणि एकट्याने शेतालगत बसून दुरुस्ती करू नये. मार्च ते मे ताशी एक लिटर पाणी लागते. जुन्नर–नाणेघाट रस्त्यावरील आपटाळे गाव सोडल्यावर दुकानाचा भरवसा न धरता किमान तीन लिटर सोबत न्यावे.

सायकल व सामान : पुढे ३४ व मागे ३२ दात्यांची जोडी असल्यास पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे सव्वादोन मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ८ किमी. राहतो आणि भरल्या पिशव्यांसह येथील चढ न उतरता निघतात. बिनगिअरच्या साध्या सायकलीला एका फेऱ्यात पाच मीटरांहून अधिक पडतात, म्हणून टेकाडावर ती हाती धरून चालवणे गुडघ्यांना हितकर. टायर ३२ ते ३८ मिमी. रुंद असावा. ३५ मिमी. टायर, ७० किलोचा स्वार व ८–१० किलो सामान असल्यास मागे ५५ ते ६० आणि पुढे ५० पौंड हवा पुरते. याहून जास्त भरल्यास खडबडीत डांबरावर पकड कमी होते. कमी भरल्यास खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते व शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. कॅरिअरचे ५ मिमी. बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून रोज संध्याकाळी ४ मिमी. ॲलन चावीने ते तपासावेत.

पंक्चरचे प्रमुख कारण बाभळीचा काटा. तो टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब घातली तरी दोन-चार किलोमीटरांत हवा पुन्हा उतरते. म्हणून ट्यूब बदलण्यापूर्वी टायर आतून फडक्याने सर्व बाजूंनी चाचपावा, फडके जेथे अडकेल तेथून काटा चिमट्याने बाहेर काढावा. पॅच लावताना जागा पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशन पातळ पसरावे आणि ते चिकट-कोरडे होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे. ओल्या सोल्युशनवर घाईने दाबलेला पॅच पुढच्या चढावर सुटतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातील कॉम्प्रेसरची नळी बसत नाही. त्यासाठी पितळी ॲडॅप्टर जवळ ठेवावा. दोन जादा ट्यूब, हातपंप, साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी) व साखळीतोड एवढे सामान पुरेसे आहे. पावसाळ्यात मुरमाची रेव रिम-ब्रेकच्या रबरांत रुतून रिम खरवडते. कुरकुर ऐकू येताच थांबून ती टाचणीने काढावी. डिस्क-ब्रेक असल्यास साखळीला तेल फवारू नये, थेंबाने द्यावे. तबकडीवर तेल उडाले की ब्रेक धरत नाही.

टप्पे : बहुतेक जण हा मार्ग तीन दिवसांत करतात. पहिल्या दिवशी नारायणगाव–ओझर–लेण्याद्री–जुन्नर हे सुमारे ३० किमी.; दुसऱ्या दिवशी नाणेघाटाची जा-ये, सुमारे ६५ किमी.; तिसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी आणि मग परतीचे १५ किमी. ज्यांना वेळ आहे ते नारायणगावच्या पूर्वेस खोडदजवळील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीकडे वळतात; ४५ मी. व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा तेथे एकत्र आहेत. आत जाण्यास पूर्वपरवानगी लागते आणि मोबाइल बंद ठेवावा लागतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या हंगामी दिवसांत पिकअप गाड्यांची दाटी असते, म्हणून गाव पहाटे सोडणे चांगले. जेवणात या भागातील मासवडी जरूर मागावी, मात्र चढ संपल्यावर.

सायकलसह कोकणात उतरण्यासाठी नाणेघाट उपयोगाचा नाही. वैशाखरेकडे जाणारी वाट दगडी व तुटक पायऱ्यांची असून सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि शेवाळावर ते धोक्याचे ठरते. त्याऐवजी जुन्नरहून गणेशखिंडीने बनकर फाट्याला जाऊन कल्याण रस्त्याने माळशेज घाट उतरतात. पावसाळ्यात त्या घाटात दरडी कोसळतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची चौकशी जुन्नर एसटी स्थानकात करावी. कल्याणच्या गाड्यांचे चालक आदल्या फेरीची खबर देतात.