भाकरही गुंडाळता येते, पाणी मात्र उकळतं हवं

तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात आता ‘मल्टिग्रेन रॅप’ची पाकिटं दिसू लागली आहेत. पुढच्या बाजूला ज्वारीचं भरघोस कणीस छापलेलं, मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी. नियमाप्रमाणे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. हातात घेतलेल्या पाकिटावर पहिलं नाव होतं मैदा, आणि ज्वारी पार शेवटाकडे. ज्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही वेळा भाकर खाल्ली गेली, तिथं ज्वारीचं चित्र दाखवून मैदा विकला जातो, याचा मला राग येतो. हे खपतं, कारण ज्वारीची भाकर मोडते, गुंडाळता येत नाही, असं आपणच धरून चाललो आहोत. रात्रीचं ढेमसं किंवा गवारीची भाजी उरली, ती गुंडाळून पोरांच्या डब्यात द्यायची, तर पोळीच हवी असं आपल्याला वाटतं.

पोळीला हे जमतं ते ग्लुटेनमुळे. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी लागून मळली गेली की त्यांची लवचीक, ताणली जाणारी जाळी तयार होते. ती किती ताणते हे पाहायचं तर आपली लांब पोळी पाहावी. लोकवन गव्हाची सैल कणीक आपटून आपटून तार धरते, मग बायका ती हातांवर कोपरापर्यंत लांबवून पालथ्या मडक्यावर टाकतात, तरी फाटत नाही. ज्वारीच्या प्रथिनांना काफिरिन म्हणतात. ती दाण्यात सूक्ष्म गोळ्यांत बंद असतात आणि पाण्याशी फारशी मिसळत नाहीत. पीठ कितीही मळलं तरी जाळी काही होत नाही.

पण ज्वारीच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो, आणि खरी गंमत त्याच्यात आहे. स्टार्चच्या कणात ग्लुकोजच्या दोन प्रकारच्या साखळ्या असतात: सरळसोट अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. थंड पाण्यात हा कण जवळजवळ ढिम्म राहतो, कारण आतल्या साखळ्या एकमेकींना बिलगून स्फटिकासारख्या रचलेल्या असतात. तापमान ७० अंशांच्या आसपास गेलं की ही रचना सुटते. पाणी आत घुसतं, कण फुगतो, थोडं अमायलोज बाहेर झिरपतं आणि शेजारच्या कणांना चिकटवतं. ग्लुटेनची जागा ही खळ घेते. तिला पोळीइतका ताण सोसत नाही, पण दुमडण्यापुरता सोसतो. पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की घरची म्हातारी त्यावर आधणाचं पाणी ओतते, ते याचसाठी.

कोमट पाण्यानं मात्र भागत नाही. वाटीभर पाण्याला मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळी आणावी, त्यात वाटीभर पीठ टाकून ढवळावं आणि झाकण ठेवून गंज (पातेलं) खाली उतरवावा. पाच-दहा मिनिटांनी, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळावं, मग कोरड्या पिठावर पातळ लाटून भाजावं. तव्यावरून उतरवली की कापडात गुंडाळावी आणि ऊब आहे तोवर भाजी भरावी.

ऊब असतानाच का? गार होताना सुटलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगू लागतात. अमायलोज काही तासांतच, अमायलोपेक्टिन हळूहळू, दिवसांच्या हिशेबानं. भाकर कडक होते ती फक्त वाळल्यानं नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८५२ मध्ये पावातलं पाणी उडू न देताही तो शिळा होतो हे दाखवलं, आणि तापवल्यावर तो पुन्हा मऊ होतो हेही. तापवल्यावर अमायलोपेक्टिनचे स्फटिक मोडतात. अमायलोजचे मोडायला १०० च्या बरंच वर जावं लागतं, म्हणून तापवलेली भाकर ताज्यासारखी कधीच होत नाही. ही घडण फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगानं चालते, तेव्हा भाकर फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे ती मुद्दाम शिळी करणं.

भरायची भाजी कोरडी हवी. रस्सा असेल तर भाजलेलं बेसन किंवा जवसाचा कूट घालून आटवावा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि कच्चा कांदा.

फ्रिज हवा तो भाजीला. ग्रहण लागलं की शिजलेलं अन्न टाकून देणारी किंवा त्यावर तुळशीचं पान ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच घरांत मे महिन्यात आलूची भाजी रात्रभर चुलीजवळ राहते आणि सकाळी डब्यात जाते. चंद्र-सूर्याच्या सावलीनं अन्नात काहीही बदल होत नाही. जिवाणूंना हवी असते ऊब आणि वेळ. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि भात-आलूसारखं पिठूळ अन्न ५ ते ६० अंशांमध्ये रेंगाळलं की वाढू लागतात. त्याचं उलटी आणणारं विष तर १२१ अंशांवर ९० मिनिटं टिकतं, म्हणजे सकाळी पुन्हा कढईत परतून काही साधत नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्रीही कधी कधी पारा ३० च्या आसपास असतो, त्यामुळे उरलेली भाजी जेवणं आटोपताच पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये जायला हवी. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात रात्रीची भाजी डब्यात नकोच. पहाटे केलेली, भाकरीत भरून सकाळच्या शाळेच्या सुट्टीत खाल्लेली बरी.