पाडव्याचं सोनं आणि चीनचे पूल

पाडव्याला तोळाभर सोनं घेतलं, गावाबाहेर एखादा प्लॉट घेतला, चार शेअर घेतले, की आपण म्हणतो, गुंतवणूक केली. देशाचा हिशेब मांडणारे यातलं काहीच 'स्थिर भांडवला'त धरत नाहीत. प्लॉट एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेला, एवढंच, शेअरचंही तेच. सोन्याला 'मौल्यवान वस्तू' असा वेगळा रकाना आहे. पण त्या प्लॉटवर घर उभं राहिलं, कारखान्यात नवं यंत्र बसलं, कुठे कालवा झाला, की ती स्थिर भांडवल निर्मिती. वर्षभराच्या जीडीपीच्या तुलनेत ती किती टक्के, हा झाला गुंतवणुकीचा दर.

आता भारत आणि चीन शेजारी ठेवून बघू. 1990 च्या सुमारास दोघांचाही हा दर जीडीपीच्या साधारण पाव भाग होता, आणि दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये मोजलं तर आपण किंचित पुढेच होतो. पुढच्या वीस वर्षांत चीन 45 टक्क्यांच्या आसपास पोचला. 2008 च्या जागतिक मंदीत त्यांच्या सरकारनं 4 लाख कोटी युआनची योजना जाहीर केली आणि रस्ते, पूल, लोहमार्ग यांचा सपाटा लावला. त्याच वर्षी बीजिंग-तियानजिन ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. 2023 अखेर असं जाळं 45,000 किलोमीटर झालं होतं. भारताचा दरही त्या काळात तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला होता. मग बँकांची कर्जं बुडीत निघाली, कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि दर घसरला. अलीकडे तो 30 टक्क्यांच्या आसपास आहे, चीनचा 40 च्या थोडा वर.

म्हणजे फरक दहा-बारा टक्क्यांचाच? इथेच फसगत होते. 2023 मध्ये चीनचा जीडीपी जवळपास 18 लाख कोटी डॉलर होता, आपला साडेतीनच्या आसपास. मोठ्या भाकरीचा मोठा तुकडा! प्रत्यक्ष रक्कम धरली तर ते वर्षाला आपल्या सहापटीहून अधिक भांडवल उभं करतात. शिवाय दर सांगतो ती एका वर्षाची भर. आधीची शिल्लक किती, हे वेगळं काढावं लागतं: जुनं भांडवल घ्या, झीज वजा करा, नवं मिळवा, दरवर्षी हेच. शिल्लक जितकी मोठी, तितका नव्यातला मोठा भाग नुसती झीज भरून काढण्यात जातो.

मला स्वतःला दरापेक्षा एक ढोबळ भागाकार जास्त बोलका वाटतो: गुंतवणुकीचा दर भागिले वाढीचा दर. 2003 ते 2007 या काळात चीन सुमारे 40 टक्के गुंतवून 10 टक्क्यांहून वेगानं वाढत होता. वाढीच्या एका टक्क्यासाठी चार टक्के पुरत होते. 2023 मध्ये वाढ पाच टक्क्यांच्या जेमतेम वर होती, म्हणजे आता आठ लागतात. आणि हा पैसा कुणाच्या तरी ताटातून येतो. चिनी कुटुंबांचा खर्च जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या आसपास, आपला 60 च्या.

आठ का लागतात, याचं एक उत्तर चीनमधल्या रिकाम्या इमारतींत सापडतं. एव्हरग्रांड ही तिथली एकेकाळची बलाढ्य बांधकाम कंपनी. जानेवारी 2024 मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयानं ती गुंडाळण्याचा आदेश दिला. फ्लॅट बांधला गेला त्या वर्षी तो भांडवल निर्मितीत जमा झाला. त्यात पुढे कुणी राहायला आलं का, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही.