बडोदे संस्थानातील सामाजिक कायदे

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बडोदे संस्थानात शिक्षण, विवाह व जातिव्यवहार यांविषयी झालेले कायदे. संस्थानात त्यांना ‘निबंध’ म्हणत. मल्हारराव गायकवाड 1875 मध्ये पदच्युत झाल्यावर सयाजीराव दत्तक आले आणि 28 डिसेंबर 1881 रोजी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. राज्यकर्ते मराठी आणि प्रजा बहुतांश गुजराती अशा या राज्यात पुढील अर्धशतकात जे कायदे झाले, त्यांतील काही ब्रिटिश हिंदुस्थानच्याही पुढे होते.

सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये अमरेली भागात सुरू झाला व 1906 मध्ये तो संस्थानभर लागू करण्यात आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अशाच शिक्षणाची मागणी केली तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. त्यांचे विधेयक मात्र 1912 मध्ये फेटाळले गेले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी संस्थानाने 1880 नंतरच्या दशकातच शाळा काढल्या, पण तेथे शिकवण्यास सवर्ण शिक्षक सहसा तयार होत नसत.

कायदा आणि समाज यांतील हे अंतर 1917 मध्ये फार क्लेशकारक रीतीने उघड झाले. दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोदे शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेस गेलेले भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना शहरात बिऱ्हाड मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ही गोष्ट फुटताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढला. ज्या दरबाराने त्यांच्या विद्येवर खर्च केला, त्या दरबारच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळू नये, हे त्या सुधारणांचे मोठे अपयश मानले पाहिजे.

विवाहविषयक कायद्यांनाही असाच विरोध झाला. विधवाविवाहास मान्यता देणाऱ्या निबंधानंतर 1904 मध्ये बालविवाहास बंदी आली आणि मुलीचे किमान वय 12, तर मुलाचे 16 ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाह प्रतिबंधक कायदा होण्यास 1929 साल उजाडले. तरीही अनेक कुटुंबे दंड भरून लग्ने उरकीत. 1931 चा घटस्फोटाचा निबंध सर्वांत धाडसी म्हणावा लागेल, कारण काडीमोडीची रूढी काही जातींत होती, पण उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला छळातून सुटण्याचा कायदेशीर मार्गच नव्हता. जातपंचायतीच्या जुलमाविरुद्धही 1933 मध्ये कायदा झाला.

संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. देशभरातील हिंदूंसाठी घटस्फोटाची तरतूद 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने झाली.